गॅस भरायच्या आधी व्होल्ट बघा : बोटीवरच्या फ्रिजबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी एक ओळ लिहिली होती, की बोटीवरचा फ्रिज थंड करत नसेल तर पहिल्याच दिवशी गॅस भरून घेऊ नका. त्या एका ओळीवर दिवाळे गावातून, करावेतून, ऐरोलीतून, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून एवढे प्रश्न आले की ह्या वेळची सगळी जागा त्यालाच देतोय. बहुतेकांनी गॅस आधीच भरलेला आहे, कुणी एकदा कुणी तीनदा, आणि फ्रिज तसाच. हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण मेहनतीचा पैसा जातो आणि वर चांगली असलेली सीलबंद सिस्टिम उघडली जाते. फ्रिजमधला गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो, पंधरा-वीस वर्षं तोच गॅस चालतो. कमी झाला असेल तर गळतोय, आणि गळत असेल तर नुसता वरून भरून काय उपयोग?

प्रश्न : आमची ३२ फुटी बोट आहे, सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला येणाऱ्या लोकांना घेऊन जातो. १२ व्होल्टचा फ्रिज आहे, कॉम्प्रेसरवर डॅनफॉस बीडी३५ लिहिलंय. इंजिन चालू असेपर्यंत मस्त थंड करतो, नांगर टाकला की तासाभरात चालू-बंद चालू-बंद सुरू होतं आणि मग बाटल्या कोमट. मेकॅनिकने हात लावून बघितला आणि गॅस कमी आहे म्हणाला. भरून घेऊ का?
– एक वाचक, दिवाळे गाव

उत्तर : नको दादा, अजिबात नको. गॅस कमी असता तर इंजिन चालू असतानाही थंड केलं नसतं. तुमच्याकडे कमी पडतोय तो करंट.

आता हे कसं होतं ते सांगतो. इंजिन चालू असतं तेव्हा डायनॅमो बॅटरीला १४ व्होल्टच्या आसपास देत असतो, त्यामुळे वायरमध्ये थोडंफार पडलं तरी फ्रिजपर्यंत भरपूर पोचतं. इंजिन बंद केलं की फक्त बॅटरी उरते. पूर्ण भरलेली लेड-अॅसिड बॅटरी शांत असताना १२.७ दाखवते, अर्धी झाली की १२.२ च्या जवळ येते. आणि ह्या बीडी कॉम्प्रेसरच्या डोक्यावर जो इलेक्ट्रॉनिक डबा असतो त्यात बॅटरी वाचवायची सोय आहे, नेहमीच्या सेटिंगला, १२ व्होल्टच्या सिस्टिमवर, व्होल्ट १०.४ ला आले की तो कॉम्प्रेसर बंद करतो आणि ११.७ झाल्याशिवाय परत चालू करत नाही. कॉम्प्रेसर बंद झाला की लोड जातो, व्होल्ट लगेच वर चढतात, डब्याला वाटतं आली बॅटरी जागेवर, चालू करतो, परत पडतात, परत बंद. हेच तुमचं चालू-बंद.

मल्टिमीटर घ्या, साधा चालेल. कॉम्प्रेसर चालू असताना एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा आणि लगेच कॉम्प्रेसरच्या डब्यावरच्या प्लस-मायनसवर मोजा. फ्रिज बंद असताना मोजून काही कळत नाही हे लक्षात ठेवा, करंट वाहत नसेल तर सडलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवते, आणि भले भले इथेच फसतात. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर चोर वायरीत, फ्यूज होल्डरमध्ये नाहीतर स्विचमध्ये आहे. आपल्या खाडीतल्या खाऱ्या हवेत तांब्याला हिरवा गंज धरतो, वरून इन्सुलेशन नवं दिसतं आणि आतली तार काळी पडलेली असते. कापून बघा, काळी निघाली तर चकचकीत निघेपर्यंत मागे कापत जा, नाहीतर वायरच बदला.

वायर केवढी असावी ह्याचं एक सोपं माप आहे. बॅटरीपासून कॉम्प्रेसरपर्यंत जेवढे मीटर, तेवढ्या स्क्वेअर एमएमची वायर, हे १२ व्होल्टसाठी. अडीचची वायर असेल तर अडीच मीटर, सहाची असेल तर सहा मीटर, दहाची दहा. २४ व्होल्टला त्याच वायरीत दुप्पट अंतर चालतं. तुमच्या ३२ फुटी बोटीत बॅटरी मागे आणि फ्रिज पुढे असेल तर वायर फिरत फिरत सहज दहा मीटर होते, आणि मी बघितलेल्या बहुतेक बोटींत तिथे घरच्या वायरिंगमधली उरलेली अडीचची टाकलेली असते. हिशोब करून बघा ना, दहा मीटर जायची आणि दहा यायची, ५ अँपिअर ओढले तर जवळजवळ ०.७ व्होल्ट नुसत्या वायरीत जातात, आणि सुरू होताना कॉम्प्रेसर त्याहून जास्त ओढतो. शक्यतो फ्रिजची लाइन थेट बॅटरीवरून स्वतंत्र आणा, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज टाका, बोर्डावरच्या दिव्यांच्या लाइनवर जोडू नका.

एवढं करूनही तेच झालं तर बॅटरी किती ताकदीची आहे ते बघा. समजा फ्रिज ४ अँपिअर घेतो आणि मे महिन्यात दिवसाचे १४ तास चालतो, म्हणजे ५६ अँपिअर-अवर झाले. १०० अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली तर ती लवकर मरते, म्हणजे एका दिवसालाच ती कमी पडतेय, आणि त्यात मासे बघायचं मशीन, वायरलेस, दिवे वेगळे. इंजिन स्टार्टची बॅटरी आणि ही बॅटरी एकच असेल तर कृपा करून वेगळी करा, थंड पाण्यापायी खाडीच्या तोंडाशी इंजिन चालू झालं नाही असं व्हायला नको.

अजून एक, त्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर प्लस आणि डी अशी दोन टर्मिनल असतात, त्यांच्यामध्ये छोटा एलईडी लावता येतो. बिघाड असला की तो दर चार सेकंदांनी लुकलुकतो. एकदा लुकलुकला तर व्होल्टेज, दोनदा तर फॅन जास्त करंट ओढतोय, तीनदा तर मोटर सुरू होत नाहीये, चारदा तर मोटरला किमान वेग गाठता येत नाही, पाचदा तर डबा स्वतः तापलाय. तुमच्याकडे मला एकदाच दिसेल असं वाटतं. काही रुपयांचा एलईडी आहे, प्रत्येक बोटीत असावा.

प्रश्न : माझ्या मिस्टरांच्या बोटीवरचा फ्रिज मागच्या वर्षी थंड करेना म्हणून गॅस भरला. महिनाभर ठीक, मग परत भरला. आता असं होतं की सकाळी चालू केला की अर्धा-पाऊण तास इतका छान थंड होतो की प्लेटवर बर्फ धरतो, आणि मग कॉम्प्रेसर चालूच पण थंडावा बंद. रात्रभर बंद ठेवला की दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्यांदा भरायला सांगताहेत.
– एक वाचक, करावे

उत्तर : ताई, तिसऱ्यांदा भरू देऊ नका. तुमच्या सिस्टिममध्ये पाणी गेलंय, म्हणजे ओलावा, एखादा थेंबसुद्धा पुरतो.

फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरकडून येणारा गॅस एका केसासारख्या बारीक नळीतून आतल्या थंड होणाऱ्या प्लेटमध्ये सुटतो, तिला कॅपिलरी म्हणतात. त्या तोंडाशी सगळ्यात थंड जागा. ह्या फ्रिजमधला आर-१३४ए हा गॅस हवेच्या दाबाला उणे २६ डिग्रीला उकळतो, तेव्हा तिथे पाण्याचा अंश आला की तो गोठतो आणि नळीला बूच बसतं. बूच बसलं की गॅस पुढे जात नाही, कॉम्प्रेसर नुसताच फिरतो. तुम्ही रात्रभर बंद ठेवलात की ते बूच वितळतं आणि सकाळी परत सगळं छान. खात्री करायची असेल तर थंडावा बंद पडला की गरम पाण्यात फडकं पिळून, जिथे ती बारीक नळी प्लेटमध्ये शिरते तिथे दोन मिनिटं धरा. सूऽऽ असा आवाज आला आणि थंडावा परत सुरू झाला, तर ओलावाच.

हा ओलावा आला कुठून? गॅस भरताना व्हॅक्यूम न केल्यामुळे. आपल्याकडे मुंबईच्या दमट हवेत पाइप उघडा राहिला की ओलावा आत जातोच, तो पंप लावून खेचून काढावा लागतो, आणि तो वेळ कुणाला द्यायचा नसतो. सिलिंडर जोडला, गेज बघितला, मारला गॅस, घेतले पैसे. ह्या छोट्या सिस्टिमला गॅस लागतो तो ग्रॅममध्ये, बहुतेकांना १०० ग्रॅमच्या आतच, आकडा फ्रिजच्या पट्टीवर लिहिलेला असतो. अंदाजाने भरला की हमखास जास्त होतो. जास्त झालेला ओळखायचा तर कॉम्प्रेसरकडे परत येणारा जाड पाइप बघा, त्याच्यावर बाहेर दव आणि बर्फ धरत असेल तर जास्त झालाय. उलट प्लेटच्या एका कोपऱ्यातच बर्फ आणि बाकी प्लेट कोरडी कोमट, तर कमी आहे, म्हणजे गळती आहे. सगळ्या प्लेटवर सारखा पातळ बर्फ म्हणजे गॅस बरोबर, मग रोग दुसरीकडे शोधा.

आता जो कोणी येईल त्याला काम सुरू करायच्या आधी हे विचारा, गळती कुठे सापडली ते दाखव, नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने तपासलं का, ड्रायर नवा टाकणार का, व्हॅक्यूम पंप आणलाय का, आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरणार का. ड्रायर म्हणजे कॅपिलरीच्या आधीची छोटी नळकांडी, ओलावा शोषून घेते, सिस्टिम उघडली की ती बदलायचीच. ह्यातल्या एका प्रश्नालाही "त्याची गरज नाही" असं उत्तर आलं तर चहा पाजा आणि परत पाठवा. मी हे रागाने नाही लिहीत, पण तुमच्यासारख्या घरात असा दोन-दोनदा गेलेला पैसा म्हणजे भरतीच्या एका फेरीची कमाई असते हे मला माहीत आहे.

प्रश्न : ऑनलाइन १२ व्होल्टचा कूलर बॉक्स मागवला, गारही करतो गरमही करतो असं लिहिलं होतं. ऐरोलीहून खाडीत पक्षी बघायला जातो तेव्हा नेतो. डिसेंबरात बरा होता, मे महिन्यात पाणी फक्त किंचित गार. खराब निघाला का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : खराब नाही, त्याची झेपच तेवढी. त्यात कॉम्प्रेसर नसतो, एक चिप असते जिच्यातून करंट गेला की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते, म्हणून तर उलटा करंट दिला की गरमही करतो. असे बॉक्स बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० डिग्री खाली जातात, त्याच्यापुढे नाही. बाहेर ३६ असेल तर आत १६. वरून तो थांबतच नाही, ४-५ अँपिअर अखंड ओढतो. घरी फ्रिजमध्ये गार केलेल्या बाटल्या आणि एक गोठवलेली बाटली टाकून न्या, बॉक्स उन्हात ठेवू नका आणि त्याच्या फॅनसमोर बॅगा रचू नका, एवढंच.

प्रश्न : मुंबईहून सेकंडहँड शिडाची बोट घेतली. फ्रिज विचित्र आहे, भरतीला नीट चालतो आणि ओहोटीला बंद पडतो. घरचे हसतात पण हे खरं आहे, मी वहीत लिहून ठेवलंय.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : वहीत लिहून ठेवलंत हे फार चांगलं केलंत, त्यामुळेच उत्तर देता येतंय. तुमच्या फ्रिजला फॅन नसणार. ह्या प्रकारात गॅसची उष्णता हवेत न सोडता बोटीच्या तळाला बाहेरून बसवलेल्या ब्राँझच्या ठोकळ्यातून पाण्यात सोडतात. भरतीला ठोकळा पाण्यात, काम चोख. ओहोटीला आपल्या खाडीत बोट चिखलावर बसते, ठोकळा गाळात रुततो, उष्णता जायला वाट नाही, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर हार मानतो.

उपाय दोनच, बोट बसते त्या वेळात फ्रिज बंद ठेवा आणि आत दोन-चार गोठवलेल्या बाटल्या ठेवा, नाहीतर नांगर खोल पाण्यात टाका. आणि पुढच्या वेळी बोट वर काढाल तेव्हा ठोकळा बघा, त्याच्यावर शिंपले चिकटून दगड झाला असेल तर लाकडी पट्टीने हळू खरवडा. तळाला रंग मारणाऱ्याला आधीच सांगा की त्या ठोकळ्यावर रंग लावायचा नाही, रंगाचा थर म्हणजे उष्णतेला घातलेली गोधडी. पंपाने पाणी खेचणारी सिस्टिम असेल तर मात्र आधी पाणी आत येतं तिथली गाळायची जाळी उघडा, ठाणे खाडीत त्या जाळीत प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा आणि गाळ नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

प्रश्न : जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बोट वर होती. नारळी पौर्णिमेला पाण्यात घातली तेव्हापासून फ्रिज थांबतच नाही, चोवीस तास चालू, तरी आत १२ डिग्री. व्होल्टेज बघितलं, २४ ची सिस्टिम आहे, २५ च्या वर आहे. गॅस मारू का?
– एक वाचक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे

उत्तर : व्होल्टेज आधी बघितलंत, मन भरून आलं. आता हवा बघा.

कॉम्प्रेसर जिथे बसवलाय त्या कपाटात पावसाळ्यात काय काय कोंबलंय ते आधी बाहेर काढा. लाइफ जॅकेट, दोर, जाळ्याचे तुकडे, ताडपत्री, हे सगळं तिथेच जातं कारण दुसरीकडे जागा नसते. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, बाहेर टाकायला जागा नसेल तर तीच गरम हवा फिरून फिरून परत खेचतो. खालून गार हवा यायला आणि वरून गरम जायला, अशी दोन भोकं हवीत, एक असून चालत नाही. मग कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरची डिझेलची काजळी आणि मिठाचा थर मऊ ब्रशने काढा.

फॅन फिरतो का बघा, आणि कसा फिरतो तेही बघा. कारण तुम्ही २४ व्होल्ट लिहिलंय म्हणून एक शंका येते. तुमचाही कॉम्प्रेसर वरच्यासारखा बीडी असेल तर त्याचा इलेक्ट्रॉनिक डबा २४ च्या बोटीतही फॅनला १२ च देतो. बंदीत फॅन बदलला असेल आणि बोट २४ ची म्हणून २४ चा फॅन टाकला असेल तर तो अर्ध्या जोराने फिरणार, फिरताना दिसतो म्हणून कुणाचं लक्ष जात नाही आणि कंडेन्सर तापत राहतो. फॅनवरची चिठ्ठी वाचा.

हवा नीट असेल तर दाराचं रबर. दोन महिने दार बंद राहिलं की रबर एका बाजूला चपटतं, कोपऱ्यात काळी बुरशीही येते. रात्री मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवा, दार लावा, दिवे घालवा आणि बाहेरून उजेडाची रेष दिसते का बघा. दहा रुपयांची नोट दारात धरून ओढून बघा, सहज निघाली तर तिथे हवा शिरतेय. वरून उघडणारा पेटीसारखा फ्रिज असेल तर तळातलं पाणी जायचं भोक बघायला विसरू नका, थंड हवा जड असते, ती त्या भोकातून अशी गळते जशी फुटक्या बादलीतून पाणी. बूच लावा.

शेवटी आतल्या प्लेटवरचा बर्फ. ५ मिलिमीटरच्या वर झाला असेल तर बंद करून वितळू द्या. सुरी, पेचकस काही लावायचं नाही, ती प्लेट अॅल्युमिनियमची पातळ असते, एक टोचा लागला की मग खरंच गॅस जातो.

पुढच्या बंदीत दार लावून ठेवू नका, मध्ये लाकडाचा तुकडा घालून उघडं ठेवा.

प्रश्न : बर्फाला फार पैसे जातात. मासे ठेवायला मोठा १२ व्होल्टचा फ्रिज घेऊ का? एका फेरीला ४० किलोपर्यंत मासे असतात.
– एक वाचक, सारसोळे

उत्तर : नका घेऊ दादा. फ्रिजचं काम थंड झालेलं थंड ठेवायचं. ४० किलो मासे ३० वरून २ डिग्रीला आणायचे तर साधारण १,१०० वॉट-अवर उष्णता काढावी लागते, आणि तुम्ही म्हणता तसा फ्रिज ५०-६० वॉट उष्णता काढतो, म्हणजे वीस तास, तेही मध्ये दार न उघडता. तोवर मासा राहतो का? तेवढीच उष्णता १२ किलो बर्फ वितळता वितळता ओढून घेतो, आणि बर्फ माशाला सगळीकडून चिकटतो हे फ्रिजला जमत नाही.

पैसे वाचवायचे तर खणाच्या इन्सुलेशनवर घाला. झाकणावर हात लावून बघा, सकाळी झाकण बाहेरून गार आणि ओलं लागत असेल तर आतला फोम भिजलाय आणि तुमचा बर्फ खाडी थंड करतोय. फोम काढून चार इंचाचा पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) भरून घ्या, वरून फायबर नीट बंद करा म्हणजे पाणी शिरणार नाही. बर्फ बारीक फोडून एक थर बर्फ एक थर मासे असा, किलोला किलो टाका, आणि वितळलेलं पाणी तळाशी साचू न देता काढत राहा. पिण्याच्या पाण्यासाठी आणि जेवणाच्या डब्यासाठी छोटा फ्रिज हवाच असेल तर ४० लिटरचा पुरे, पण घ्यायच्या आधी बॅटरीपासून अंतर मोजा आणि वायर तेवढ्या स्क्वेअर एमएमची आणा.